मागचं दार

आधी प्लग काढायचा. मग थांबायचं.
चहा पिऊन यावं इतकं थांबायचं,
कारण बंद केल्यावरही काचेच्या पोटात
हजारो व्होल्ट पडून असतात
राखणीच्या कुत्र्यासारखे, एक डोळा किलकिला ठेवून.
मग लांब स्क्रूड्रायव्हर, त्याला बांधलेली तार,
तारेचं दुसरं टोक लोखंडी सांगाड्याला,
आणि डावा हात मॅक्सीच्या खिशात.
फर्मागुडीच्या आयटीआयत हा नियम शिकवला
तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी, आणि मला खिसा नव्हता.
हात पाठीशी धरायचे.
सर विचारायचे, प्रार्थना चाललीय काय?

टच्.
झोपलं.

कुडचड्याची हवा याला मानवत नाही.
पावसाळ्यात बोर्डाच्या सोनेरी दातांवर हिरवं चढतं,
ते मी शाळेच्या खोडरबरानं घासते.
खाणीचे ट्रक थांबून इतकी वर्षं झाली
तरी पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ निघते.
स्पीकरमागे पालीची दोन अंडी.
ती राहू दे.

रोझारियोचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं.
मुलींना मनाई नव्हती,
कुणी जायची नाही, एवढंच.
दुपारी एकला तो वर जाऊन आडवा व्हायचा
आणि एस्परांसा शटर अर्धं ओढून म्हणायची, यो गो.
मी वाकून आत.
आवाज शून्यावर.
दोन मे महिने मी तो खेळ मुका खेळले:
दगड पडतात, यान सरकतं, स्फोट होतो,
आणि ऐकू येतं फक्त
वरच्या माळ्यावरचं घोरणं.

आता माझ्या बाल्कांवात उभं आहे ते.
चित्र सरळ करायचे स्क्रू सगळे मागे,
चित्र पुढे.
म्हणून उल्हास समोर आरसा धरून बसतो,
त्याचा दाढीचा, कोपरा फुटलेला.
बावीस वर्षं डंपर रिव्हर्स घेतलेला माणूस
आणि म्हणतो, उजवीकडे घे.
तुमचं उजवं की माझं?
आरशातलं.
आरशातलं कुणाचं?
चित्र दोरीवरच्या लुगड्यासारखं हलतं,
थांबतं, परत वरून खाली वाहू लागतं.
जरा, तो म्हणतो. केसभर.
आणि मी केसभर फिरवते.

काल वाळवी दिसली म्हणून
मागच्या दाराला आतून रॉकेल चोळत होते.
ओल्या प्लायवुडवर पेन्सिल उमटून आली.
रोमी अक्षरं, आकडे, रेघा.
वीज गेली की हे यंत्र सगळे आकडे विसरायचं,
म्हणून कुणीतरी आत लिहून ठेवायचं.
बाबुश, अकरा हजार.
पोस्टमनाचा तोनी, नऊ हजार आठशे.
आणि या सगळ्यांच्या वर, दोनदा गिरवलेलं:
दनपारचें चेडूं. चौदा हजार दोनशे साठ.

नाव तिला माहीत होतं माझं.
घर माहीत होतं, बाबा माहीत होते.
म्हणूनच नाही लिहिलं, असं मला वाटतं.
विचारायला ती आता नाही.

उल्हासनं चष्मा लावून वाचलं.
कोण गं ही?
मी म्हटलं, आरसा धरा.

संध्याकाळी शेजारचा रेगन आला,
नवा रुपया टाकला.
तो कुठेही न अडता खाली आला, खळ्ळ.
आजचं नाणं याला वजनानं ओळखू येत नाही.
बोर्नव्हिटाच्या डब्यातून मी पंचाऐंशीचा जाड रुपया काढून दिला.
परत द्यायचा हं, म्हटलं, पुढच्याला लागतो.

डावीकडची कड अजून थोडी आत वळलेली आहे.
तो स्क्रू मला सापडलाय.
उद्या बघू.
आवाज मात्र पूर्ण सोडला.