आक्षेपाचे दोन रुपये

मणेराजुरीच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या आमच्या वाडीत
दुसरीच्या वर्गात मतदान केंद्र.
पहाटे साडेपाचला मी आणि भीमराव शेजारी बसलो
पोरांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन.
तो त्यांचा, मी आमचा.
पाण्याच्या टाकीवरून तीन वर्षं बोलणं बंद.
आधी पन्नास मतं खोटीखोटी टाकून बघायची असतात.
बघितली, मोजली, पुसली,
कागदी पट्टीवर दोघांनी सह्या केल्या.
पेन त्याचं होतं.

माझ्या खिशात पुढाऱ्यानं फडक्यात बांधून दिलेली नाणी,
दोन-दोनची.
मतदारावर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरायचे, असा नियम.
"त्यांचं कोण दिसलं की टाक," एवढंच सांगणं.

साडेअकराला द्रौपदा कोळेकर आली.
यादीत तिच्या नावापुढं लाल शाईत: मयत.
केंद्राध्यक्ष कवठ्याकडचे मास्तर, नवखे.
"आजी, इथं तर तुम्ही..."
"मेली आसंल दुसरी कोन. म्या शेरडं बांधून आलीया."
कार्डावरचा फोटो वीस वर्षांमागचा,
त्यात कुणीही असू शकलं असतं.
तिचं मत कुठं जातं हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक.
भीमराव गप्प.
तो बोलला असता
तर कदाचित मी नाणं टाकलंही असतं.

बोटांत फिरून फिरून ते कोमट झालं होतं.
मी म्हणालो, "हीच ती.
हिच्या शेरडांनी माझी द्राक्षाची कलमं दोनदा खाल्लीत.
मेलेलं माणूस उलट एवढ्या शिव्या देत नाही."
शाई लावणाऱ्या पोरीला जागाच सापडेना,
लोकांच्या बागेतलं मोरचूद ढवळून
द्रौपदाचे हात मनगटापर्यंत निळे.

चारच्या सुमाराला आमचाच सुमित आला, सख्खा पुतण्या.
हातात चिठ्ठी सोमनाथची,
जो चाकणला कंपनीत आहे आणि दिवाळीलाही आला नाही.
सुमितनं माझ्याकडं बघून डोळा मारला.
मी नाणं मेजावर ठेवलं.
फार मोठा आवाज झाला,
का मलाच तसा वाटला.

सुमित पाय आपटत गेला.
आक्षेप खरा ठरला की पैसे परत मिळतात;
मास्तरांनी नाणं माझ्याकडं सरकवलं.
मग भीमरावनं डबा उघडला. "खा."
तीन वर्षांतला पहिला शब्द.
ठेचा अळणी होता. मी सांगितलं नाही.

सहाला मास्तरांनी आकडा वाचला, सहाशे एकेचाळीस.
यंत्रात तेवढाच, वहीत तेवढाच.
दोघांनी आपापल्या कागदावर उतरवून घेतला.
पेट्या घेऊन एसटी वळणाआड जाईस्तोवर
रस्त्यात उभे होतो, थोडं अंतर राखून.

घरी वहिनीनं ताट वाढलं नाही.
टाकीचं भांडण आहे तसंच आहे,
सोमवारच्या ग्रामसभेत पुन्हा होणार, मोठ्यानं.

सकाळी पुढाऱ्यापुढं फडकं ठेवलं.
"घ्या मोजून. एकही कमी नाही."
"तिकडं मतं गेली," तो म्हणाला, "आणि तू मोजत काय बसलास?"

मोजायलाच बसवलं होतं की मला.