डावा पंख वेगळा

वागळे इस्टेटीत, सोळा नंबरच्या रस्त्यावर
एकतीस वर्षं मी पंपांची ड्रॉइंगं काढली.
कागदाच्या मधोमध एक तुटक रेघ,
तिच्या एका अंगाला सगळं काम,
दुसऱ्या अंगाला तेच, उलटं.
अर्ध्या कष्टात पुरं यंत्र.
त्यावर घर चाललं.

आता शर्वाणी गुप्ते नावाची मुलगी
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
स्पिरिट घालून कीडा आणते.
म्हणते, काका, असा काढा
की चित्र बघून दुसरा ओळखता यावा.
कीडा म्हणजे केवढा?
राजगिऱ्याचे दोन दाणे
एकापुढे एक ठेवा.

पाठीवरची झाकणं आखूड,
धुतल्यावर आटलेल्या बंडीसारखी.
खाली अर्धं पोट उघडं.
मला वाटलं, मालातच खोट आहे.
ती म्हणाली, नाही हो, हे असेच.
पंख आहेत त्या झाकणांखाली,
अंगाएवढे लांब,
घडी घालून ठेवलेले.

जिवंत बघायचा म्हणून येऊरला गेलो.
पाटोणापाड्याच्या पुढे, ओढा ओलांडून,
मंजुळा वरठाने दाखवलं
आडवं पडलेलं आंब्याचं खोड
आणि त्यावर फिकट छत्र्यांची दाटी.
ही खायची नाहीत, ती म्हणाली.
खायची ती वारुळावर येतात.
ही किड्यांची.
वाटण्या आधीच झालेल्या होत्या.

शर्वाणीने पिशवीतून काढला
दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा,
आणि छत्री न तोडता खाली सरकवला.
मी गुडघे टेकले, डावा कुरकुरला.
आरशात
पांढरे पातळ पडदे, पडद्याला लागून पडदा,
आणि त्या फटींतून
काळसर काहीतरी ये-जा करत होतं,
पीठ खात, पीठ अंगाला माखून घेत.
मी फुंकर घातली.
एकाने शेपूट वर केलं,
नांगी नाही, विष नाही,
तरी विंचवाचा आव पुरा.
दुसऱ्याने झाकणं उघडली
आणि होता तिथे नव्हता.
आरशात उलटं दिसतं म्हणून
कुठल्या बाजूला गेला ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
छत्र्यांच्या जागी खोडावर चिकट पाणी.
गाव गेलं होतं.
किसननगरची आमची इमारत रिकामी करायची
नोटीस लागून दोन वर्षं झाली,
आम्ही अजून भांडी बांधतोय.

घरी, भिंगाखाली, सुईच्या टोकाने
उजवा पंख उलगडला.
इथे एक मोड, इथे तिरकी, मग आत दुमड.
छान. रेघ मारली मधोमध,
डावा त्यावरून उलटा उतरवला.
मग उगाच, खात्री म्हणून,
खरा डावा उघडला.

मोडी वेगळ्याच जागी होत्या.

शर्वाणीला फोन केला, नमुना बिघडलाय.
ती म्हणाली, दुसरा उघडा.
दुसऱ्यातही तेच, एक पंख एका रीतीचा,
दुसरा दुसऱ्या.
तिसऱ्यात तर डाव्याची घडी उजव्याला
आणि उजव्याची डाव्याला.
रात्रीचे दीड वाजले होते.
कुणाकडे तक्रार करणार.
ब्लेडने मधली रेघ खरवडली,
कागद तिथे थोडा झिरझिरीत झाला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या.

नावाची जागा मोकळी आहे.
नाव अजून ठरायचंय,
ते कामही ती अन् तिचे सर बघतील.
मी खाली बारीक अक्षरात
येऊर, आंब्याचं खोड, भाद्रपद, एवढं लिहिलं,
आणि चित्र मंजुळाला दाखवायला नेलं,
खोड तिनेच दाखवलं होतं म्हणून.

तिने ओल्या हाताने कागद धरला नाही,
लांबूनच पाहिलं, मान वाकडी करून.
पंख बरोबर असतील, म्हणाली,
ते मी कधी उघडून बघितले नाहीत.
पण हा मेलेला आहे.
जिता असता तर पाय असे पसरून बसला नसता.

ब्लेड पुन्हा काढलंय.
सहा पाय आहेत.
पहिल्यापासून सुरू केलंय.