काझारमानच्या अलीकडे

नारिन सोडून चौथा दिवस.
रस्ता असा, की पत्र्याच्या छपरावरून सायकल चालवावी :
दातांवर दात, पातेल्यावर चहाचा डबा,
आणि तुझ्या कॅरिअरला वाळत घातलेला टॉवेल
धुळीने पुन्हा मळलेला.
मी मागे. नेहमीसारखी.
बाराशे किलोमीटर हा देश मी
तुझ्या खांद्याच्या कडेकडेने पाहिला,
डावीकडे अर्धा डोंगर, उजवीकडे अर्धा घोडा.

इथे आधी नाव विचारत नाहीत.
घोड्यावरचा पोरगा, टरबुजं विकणारी बाई,
ट्रकखालून डोकं काढणारा ड्रायव्हर,
सगळ्यांचं पहिलं : बाला बारबी?
मुलंबाळं आहेत?
"बाला जोक", आपण बिश्केकमध्येच पाठ केलं होतं.
जोक म्हणजे नाही.
दोन दिवस हसू यायचं आपल्याला.
मग नुसतं सांगत गेलो,
पंक्चरवाल्याला ट्यूबचं माप सांगावं तसं.
लोक च्च करायचे आणि कुरुत द्यायचे,
खारट, टणक, खिशातल्या धाग्यांसकट.

त्या दिवशी वारा समोरून.
ताशी सहा. चालणारा माणूसही पुढे गेला असता.
आपण भांडलो, पाण्याच्या बाटलीवरून.
तू पुढे वारा खात, मी मागे शब्द गिळत,
आणि तुझ्या कॅरिअरचा दांडा मोडला, टण्ण.
अबोला मात्र शाबूत.

बुरुलकान आपाच्या अंगणात वेल्डिंगचं मशीन होतं
आणि ते चालवणारा तिचा मुलगा, तोक्तोसून.
आपाने दस्तरखान पसरलं : नान, साय, जर्दाळूचा मुरंबा.
मग माझ्यासमोर एकेक बोट दुमडलं.
एक. दोन. तीन.
आणि तळहात जमिनीकडे.
चौथा हा. म्हणून नाव तोक्तोसून.
तिने हवेत हात धरून दाखवलं, पोलीस गाडी अडवतो तसा.
थांब. राहा इथे.
मला आमच्या आळीतला दगडू आठवला,
आणि त्याच्या आधीचे दोघे, ज्यांना चांगली नावं ठेवली होती.

मग तिने विचारलंच. बाला बारबी?
मी तोंड उघडलं.
तू म्हणालास, "बिर किज."
एक मुलगी.
मोडक्या कॅरिअरवरची नजर न काढता.
"किती वर्षांची?"
"ओन तोगुझ."

मी मनात मोजलं, दोनदा,
बाजारात सुटे परत घेताना मोजायचे तसं.
बरोबर होतं. मार्चमध्ये एकोणीस झाली असती.
सातव्या महिन्यातली ती रात्र.
नर्सने पांढऱ्या कापडातून नेलं,
आणि तू बिलाच्या खिडकीशी उभा होतास
हातात सुटे पैसे घेऊन, कितीतरी वेळ.
नंतर कधी विषय नाही.
मला वाटायचं, मोजणारी मी एकटीच.

आपाने तुझी पाठ थोपटली.
तीच, जिच्यामागे मी इतके दिवस.
मग हातवारे : ती का नाही आली?
तुझी किरगिझ तिथे संपली.
मी सायकलकडे बोट दाखवलं आणि नाक मुरडलं.
नाही आवडत तिला.
आपा मोठ्याने हसली. ठिणग्यांच्या आडून तोक्तोसूनही.
तू वर पाहिलंस माझ्याकडे,
चष्म्यावर धुळीचा थर, त्यामुळे नीट दिसलं नाही काही.

निघताना तिने तीन नान बांधले.
दोन पुरे, मी म्हटलं.
तिने तीन बोटं दाखवली आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशीही वारा तसाच.
चढाच्या पायथ्याशी मी घंटी वाजवून
तुझ्या पुढे गेले.
समोर अख्खा डोंगर.
कानात इतका वारा, की मागून तू
काही म्हणालास का, कळलं नाही.

खिंडीत बसून आपण एक नान खाल्ला, मग दुसरा.
तिसऱ्याला कोणी हात लावला नाही.
उतारावर तू पुन्हा पुढे,
आणि तो तुझ्या डागलेल्या कॅरिअरवर,
टॉवेलच्या गाठोड्यात,
काझारमानपर्यंत उड्या मारत.