वळसा

दिवा लागला तो मंगळवारी, ए-चारशेएकोणीसवर,
पिवळा, इंजिनाच्या आकाराचा,
बोटाच्या पेराएवढा.
बाकी गाडीला काहीच झालं नव्हतं.
उलट आवाज सुधारला होता,
ऋजुताच्या शब्दांत, "घसा मोकळा झाल्यासारखा."

तिनेच आणला होता तो इन्टेक,
सहा महिने शनिवारी कॅफेत कप विसळून:
लाल सुती फिल्टर, ॲल्युमिनियमची चकचकीत नळी
आणि चार भाषांतला एक कागद,
ज्यात एकाही भाषेत धड काही सांगितलेलं नव्हतं.
रविवारी आम्ही दोघांनी तो बसवला.
खरं तर तिने बसवला. मी टॉर्च धरला,
सुटलेलं सामान सांभाळलं, आणि मधूनमधून म्हणालो,
कंपनीने चाळीस इंजिनिअर बसवून केलेली वस्तू
उगाच कशाला उचकटायची.

हात दाखवून अवलक्षण, मी म्हणालो मंगळवारी.
बुधवारी परत म्हणालो.
म्हणीचा अर्थ तिला ठाऊक नव्हता, सूर ठाऊक होता.

एम.ओ.टी. शुक्रवारी.
दिवा पेटलेला दिसला तर सरळ नापास.

अठरा पौंडांचं यंत्र लावलं स्टिअरिंगखाली.
पी-शून्य-एक-सात-एक.
म्हणजे, तिने वाचून दाखवलं,
इंजिनात कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय.
बावीस वर्षं मी स्विंडनच्या बिल्डिंग सोसायटीत
दुसऱ्यांचे हिशेब तपासतो.
वाक्य मला तंतोतंत कळलं.

आधी संशय सेन्सरवर:
केसाएवढी तापलेली तार,
वाऱ्याने किती निवते त्यावरून वारा मोजणारी.
फिल्टरला तेल जास्त पाजलं की ती माखते म्हणे.
"जास्त कोणी पाजलं?" मी.
ती बोलली नाही. तार स्प्रेने धुतली, वाळू दिली,
यंत्राने दिवा पुसला.
अकरा मैल.
मॅजिक राउंडअबाउटवर, पाच छोट्या चक्रांच्या
त्या मोठ्या उलट्या चक्रात
कुठल्या फाट्याने सुटावं या विचारात असताना
तो परत आला,
बेल न वाजवता, घरच्यासारखा.

शेजारचा ग्लिन, ही गाडी जिथे जन्मली
त्या कारखान्यात दारं बसवायचा.
कारखाना गेला, ग्लिन आहे.
चहाचा मग घेऊन आला, बॉनेटखाली डोकावला,
म्हणाला, धूर हवा. सिगरेट आहे कुणाकडे?
कुणाकडेच नव्हती.
ऋजुता आत गेली आणि देवापुढची उदबत्ती घेऊन आली,
मोगरा, अर्धी जळलेली.
"आई रागावेल," मी म्हणालो. सवयीने.

इंजिन चालूच होतं. पंखा थांबला
तशी धुराची रेघ सरळ उभी राहिली.
ती तिने नळीच्या कडेकडेने नेली,
हळू, लहानपणी अक्षरं गिरवायची तशी.
एका जागी रेघ वाकली,
मान तुकवून आत शिरली
एका अंगठ्याएवढ्या रबरी नळीच्या तोंडाशी.
नळी नुसती टेकवलेली. तापली की सैलावणारी.
"इथली क्लिप?" ग्लिनने विचारलं.

थंडी होती म्हणून माझे हात खिशात होते.
खिशात पार्किंगची नाणी, एक लिमलेटची गोळी
आणि रविवारपासून सांभाळून ठेवलेलं
स्प्रिंगचं एक कडं.
काखेत कळसा.
आणि गावाला वळसा तर खराच घातला होता,
पाच चक्रांतून, दोनदा.

काढायला वेळ लावला मी.
माफी मराठीत मागावी की इंग्रजीत, ते ठरेना.
तिने कडं माझ्या तळहातावरून उचललं,
पकडीत धरलं, वर बघितलं नाही.
"टॉर्च," म्हणाली.
मी धरला.

शुक्रवारी गाडी पास झाली.
विमावाल्यांना कळवायचं अजून राहिलंय.
डॅशबोर्डवर त्या जागी आता नुसतं काळं.
तरी चढावर गिअर बदलताना माझी नजर तिथे जाते,
आणि ती गेलेली तिला कळते,
आणि ऋजुता काही न बोलता
रेडिओ लहान करते,
मला घसा ऐकू यावा म्हणून.