सहावी नोट

माझ्या वडिलांचं नाव दौलत.
नावाबद्दल चेष्टा करून झाली सगळ्यांची, तुम्ही राहू द्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं
दादा नोटा तपासायचे.
छापणारे वेगळे, कापणारे वेगळे,
यांनी फक्त खोट काढायची:
शाई फुटली, आकडा घसरला,
कड केसभर तिरकी गेली, की नोट बाजूला.
आम्ही विचारायचो, आज किती लाख?
"आत तो कागद असतो गं," म्हणायचे,
"पैसा गेटाबाहेर होतो."

गेटावर रोज झडती.
डबा उघडा, चपला झटका.
शिपाई शेजारच्याच क्वार्टरमधला,
सकाळी आमच्याकडून विरजण नेलेला,
तरी खिसे उलटे.
कधी कधी दादा घरी यायचे ते तसेच,
शेळीच्या कानांसारखे
दोन पांढरे खिसे लोंबत,
आणि आई दारातच हसायची.

मी दहावीला होते त्या वर्षीची गोष्ट.
क्लासची फी थकलेली.
देवळालीगावात पारसमल लुंकडांच्या दुकानात
दादांनी पाचशेची मोडली.
शेठनी कोऱ्या बंडलातून शंभराच्या पाच मोजल्या.
कोऱ्या नोटा एकमेकींना बिलगून असतात.
शेठच्या अंगठ्याला पाच लागल्या,
दादांच्या अंगठ्याला सहा.

हे मला कळलं मागच्या पितृपक्षात,
आईच्या पानाला कावळा शिवेना म्हणून
आम्ही दोघं गच्चीवर उन्हात ताटकळलेलो, तेव्हा.
"तपासणाऱ्याचा अंगठा. चुकेल का?
बोललो नाही. पिशवी उचलली, चालू लागलो.
त्या रस्त्याला गेट नव्हतं कुठंच."

मग म्हणे वर्षभर लुंकडांकडे
सुटे परत घेतले नाहीत. चार आणे, आठ आणे,
एकदा दीड रुपया.
शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे,
"दौलतरावांसारखा दिलदार माणूस नाही!"
ते ऐकल्यावर दादांनी
सुटे घेणं पुन्हा सुरू केलं
आणि साखर दुसरीकडून आणू लागले.

मी म्हटलं, दादा, शंभर रुपये ते.
शेठ जाऊन पंधरा वर्षं झाली.
ते म्हणाले, "व्याज किती धरायचं, ते सांग."
मी मोबाइलवर हिशेब केला,
त्यांनी कागदावर.
दोघांचे आकडे जुळले नाहीत.
त्यांचा मोठा होता.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली.
गल्ल्यावर शेठचा नातू, कानात वायर.
दादांनी हिशेब सांगितला, त्याला निम्मा ऐकू आला.
आजोबा, कशाचे? राहू द्या ना.
दादांनी नोटा काचेवर ठेवल्या,
पाचशेच्या, एकेक सुटी करून,
बिलगलेली एकही नाही.

पोरानं वरची उचलली
आणि सवयीनंच ट्यूबलाइटसमोर धरली.
तिरकी केली. नखानं खरवडली.
"रागावू नका हं, हल्ली खोट्या फार येतात."

मी तोंड उघडणार, तर दादांनी हातानं थांबवलं.
"बघ," त्याला म्हणाले, "नीट बघ. घाई नको."
काउंटरला टेकून उभे राहिले ताठ, ब्याऐंशी वर्षांचे,
आणि दोन्ही हात आपोआप
खिशांकडे गेले,
उलटे करायला.