लॉगआऊट

रबाळ्यात शुक्रवारी वीज जाते.
या शुक्रवारी यूपीएसनेही मान टाकली,
आणि माळ्यावरचा करडा डबा
तेरा वर्षांत पहिल्यांदा झोपला.

उठला तेव्हा कुणालाच ओळखेना.

पोंक्ष्यांना फोन केला, रिटायर होऊन कळव्याला असतात.
"पासवर्ड? अहो, मी कधी लॉगआऊटच केलं नाही."

मग मागच्या बारीक भोकात
अकाउंट्सच्या रेवंडकरबाईंची सेफ्टी पिन.
दहा आकडे मोजले. डबा एकदाच बीप झाला,
पासवर्ड तेवढा विसरला,
बाकी सगळं जागच्या जागी.

पण माझा लॅपटॉप त्याच्याशी बोलेना.
म्हणे ही बोली जुनी, असुरक्षित, आम्ही सोडली.
सेटिंगच्या पार तळाशी एक चौकोन सापडला.
धोका पत्करता?
पत्करला. पाच मिनिटांपुरता.

फ्लँजचं ड्रॉइंग हवं होतं, ऑर्डर अडली होती.
फायनल. फायनल दोन. फायनल खरंच.
आणि त्याखाली: पगारवाढ अर्ज.
अकरा प्रती, दर एप्रिलची एक.
मजकूर तोच; 'मुलीचं कॉलेज' होतं तिथे
सातव्या वर्षी 'मुलीचं लग्न'.
खाली 'आपला विश्वासू',
त्यापुढे अकराही वेळा कोरं.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "मिळालं का?"
मिळालं, म्हटलं. फ्लँज.
"'खरंच'वालं घ्या हं, दोनमध्ये भोक चुकलंय."

चौकोनातली खूण काढून टाकली.
पिन परत दिली तर रेवंडकरबाई म्हणाल्या,
वाकडी केलीत की हो.