सुट्या काड्या

प्रशिक्षणात सांगितलं होतं:
दहा काड्या, एक रबर, झाला दशक.
उरतील त्या सुट्या.
मी रात्री दोन खराटे मोडले,
चारशे काड्या कापल्या सारख्या मापाच्या,
आणि सकाळी नीलमनगरच्या शाळेत
दुसरीच्या सतरंजीवर ओतल्या.

पोरं तुटून पडली.
ईरण्णानं आधी तलवार केली, मग दशक.
मुदस्सरनं सगळ्यात जाड मोळी बांधली,
"किती आहेत?" विचारलं तर म्हणाला, "लई."
नागमणी येमूल भिंतीकडेला,
मांडी घालून, मान खाली.
पोर सात वर्षांची, पाठ चाळिशीची.
काड्यांकडे बघतसुद्धा नव्हती,
बोटंच मोजत होती, ओठ बंद.
रबर नको म्हणाली.
दप्तरातून दोरा काढला,
दोन वेढे, एक झटका,
गाठ कुठे गेली ते मला दिसलं नाही.

तिचे गठ्ठे जाड होते.
एक सोडून मोजला. पंचवीस.
दुसरा सोडला. पंचवीस.
"अगं, दहाचा करायचाय, दहाचा."
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कारखान्यात छाट बाजूला काढणाऱ्या चेकरकडे
बायका पाहत असतील तसं.
"दहाचा कट्टा घेत नाहीत की बाई."

बरं. चार कट्टे म्हणजे?
"शंभर."
दहा?
"अडीचशे."
चाळीस?
"हजार. मग आई उठती."

पुढचा प्रश्न मी तयार केला नव्हता.

दुपारी परिसर अभ्यास.
स्टीलच्या चार पेल्यांत पाणी,
काय विरघळतं, काय नाही.
खडू तळाशी बसला, वाळू बसली,
तंबाखू कुणी आणली विचारू नका,
तिनं पाणी तेवढं तांबूस केलं.
मीठ गेलं. दिसेनासं झालं.
"कुठं गेलं?" मी म्हटलं,
तर ईरण्णा चाखून ओरडला, "उप्पु आहे आतच!"
नागमणीनं मान वर केली.
"तुमच्यात पण उप्पु?"
त्याच्या घरी कन्नड, हिच्या घरी तेलुगू,
दोघांच्या मध्ये जूनपासून एक दप्तर ठेवलेलं,
ते त्या दिवशी थोडं सरकलं.
मुदस्सर म्हणाला, "आमच्यात नमक,"
आणि उगाच हिरमुसला.
मग सगळ्यांनी मिळून त्याला खारट पाणी पाजलं.

शुक्रवारी भूगोल अंगणात.
तांब्यानं फरशीवर भीमा काढली, सीना काढली,
संगमापाशी ढवळसच्या कुरूलचं बोट ठेवायला
एकेकाला बोलावत होते,
तेवढ्यात उन्हानं भीमा अर्ध्यातच पुसली.
मी पुन्हा तांब्या उचलला.
मुदस्सर म्हणाला, "राहू द्या बाई,
उन्हाळ्यात तशीच असती."

उपक्रमवहीत 'निष्पत्ती' नावाचा रकाना आहे.
केंद्रप्रमुख तोच आधी बघतात.

सोमवारी मी पुन्हा काड्या काढल्या.
रबर आणले नाहीत.
नागमणीजवळ बसले, खाली, सतरंजीवर,
म्हटलं, तुझा एक कट्टा सोड.
तिनं दोरा ओढला.
दहा इकडे. दहा इकडे.
पाच उरल्या.
"या पाच सुट्या," मी म्हटलं.
तिला ते पटेना.
"सुट्या राहत नाहीत.
राहिल्या की आई म्हणती, अजून वीस वळ."
हात काड्यांच्या ढिगाकडे निघालासुद्धा.

मी तो धरला नाही.
एवढंच म्हटलं, "इथं चालतात.
इथं पाच म्हणजे पाचच."
तिनं हात मागे घेतला, मांडीवर ठेवला,
मग मांडीखाली दाबून धरला.
पाच काड्या सतरंजीवर तशाच,
घंटा होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती.

रकान्यात मी लिहिलं, दशक समजला.
खरं तर कुणाला कोणाचा, ते लिहायला
जागा नव्हती.

घरी अंगणाचा केर तसाच पडलाय.
नवा खराटा आणायचाय.